टोकियोत विमान बदलताना हातात ८ तास आहेत? मग सगळं सोडा आणि आसाकुसा गाठा!

मंडळी, घाईच्या वेळी आपण ज्याला हात करतो आणि जो नेमका आपल्याला बघून मान हलवत निघून जातो, त्या रिक्षाचं नाव मुळात जपानी आहे. 'जिन' म्हणजे माणूस, 'रिकी' म्हणजे बळ आणि 'शा' म्हणजे गाडी. जिनरिकिशा, म्हणजे माणसाच्या बळावर चालणारी गाडी. हा शब्द १९व्या शतकात जपानमधून निघाला, इंग्रजीत शिरताना त्याचं पुढचं टोक गळालं आणि आपल्यापर्यंत 'रिक्षा' पोचली. माथेरानला हातरिक्षा पाहिलेल्यांना मूळ गाडी कशी दिसत असेल हे वेगळं सांगायला नको.

ही मूळ जिनरिकिशा आजही धावते ती टोकियोच्या आसाकुसा भागात. सुमिदा नदीच्या काठावरचं मोठं देऊळ, त्याच्या दारातला बाजार, मागच्या गल्ल्यांमधली जुनी थिएटरं आणि खाण्याच्या टपऱ्या असा हा सगळा गजबजाट आहे. टोकियोत फक्त विमान बदलायला थांबलेल्या माणसाला हा भाग अगदी सोयीचा पडतो. पण तिथे जाण्याआधी काही गोष्टी नीट समजून घेतल्या नाहीत, तर विमानतळाच्या काचेतूनच जपान बघावं लागतं. त्यामुळे आधी कटकटीचं बोलू, मग देवळाकडे वळू.

विमानतळाबाहेर पडता येतं का?

भारतीय पासपोर्ट असेल तर व्हिसाशिवाय नाही. सोशल मीडियावर टोकियोच्या 'लेओव्हर'चे जे व्हिडिओ फिरतात, ते बहुतेक अशा देशांच्या लोकांनी केलेले असतात ज्यांना जपानमध्ये व्हिसा लागतच नाही. ते शिक्का मारून बाहेर पडतात आणि ते बघून आपल्याला वाटतं की आपणही असंच जाऊ. आपल्याला व्हिसा आधी काढावा लागतो. १ एप्रिल २०२४ पासून भारतात राहणाऱ्यांना पर्यटनासाठी ९० दिवसांपर्यंतचा, एकदाच प्रवेश करता येईल असा ई-व्हिसा मिळू लागला आहे. त्याची एक गंमत लक्षात ठेवा. हा ई-व्हिसा विमानतळावर इंटरनेट चालू असलेल्या फोनवर, प्रत्यक्ष वेबसाईट उघडून दाखवायचा असतो. स्क्रीनशॉट किंवा छापलेला कागद चालत नाही. फोनची बॅटरी आणि नेट, दोन्ही सांभाळा.

याशिवाय १५ दिवसांपर्यंतचा ट्रान्झिट व्हिसा असतो. 'शोअर पास' नावाचा प्रकारही ऐकू येतो. पुढच्या देशाचं तिकीट असलेल्या प्रवाशाला ७२ तासांच्या आत विमानतळाच्या आसपास फिरू देण्याची ती परवानगी. पण ती विमान कंपनीमार्फत मागावी लागते आणि द्यायची की नाही हे पूर्णपणे तिथल्या अधिकाऱ्यावर असतं. तिच्या भरवशावर बेत आखू नका.

आणखी एक फसगत होते ती विमानतळांची. टोकियोला दोन आंतरराष्ट्रीय विमानतळ आहेत. हानेदा शहराला लागून आहे, तर नारिता चांगलं ६० किलोमीटर लांब, वेगळ्याच प्रांतात. स्वस्त तिकिटांमध्ये कधी कधी उतरायचं हानेदाला आणि पुढचं विमान नारिताहून असा प्रकार असतो. मग तुम्हाला फिरायचं असो वा नसो, व्हिसा लागणारच. तिकीट काढताना विमानतळाचं नाव दोन्ही ठिकाणी तपासा.

आता या गैरसोयीतही एक सोय दडलेली आहे. हानेदा आणि नारिता यांना जोडणारी थेट रेल्वे आसाकुसावरूनच जाते. एका बाजूला केइक्यू कंपनीचा मार्ग, मधे शहरातली आसाकुसा लाईन, पुढे केइसेई कंपनीचा मार्ग. तीन कंपन्यांच्या रुळांवरून एकच गाडी धावते, डबा बदलावा लागत नाही. म्हणजे विमानतळ बदलायचाच असेल तर आसाकुसा तुमच्या वाटेतलं स्टेशन आहे.

तासांचं गणित

समजा तुमचं विमान नारिताला दुपारी १२ वाजता उतरलं आणि पुढचं रात्री ८ ला आहे. हातात ८ तास दिसतात, पण ते तसे नसतात. उतरणं, इमिग्रेशन, कस्टम यात एक तास सहज जातो. आसाकुसाला जायला साधारण एक तास, परत यायला तेवढाच, आणि विमानाच्या दोन तास आधी तरी पोचायला हवं. उरले तीन तास. स्टेशनवर गाडीची वाट बघण्यात अर्धा तास गेला असं धरा, मग अडीच.

हानेदाहून हेच अंतर साधारण ३५ ते ४० मिनिटांचं आहे. म्हणून माझा हिशोब असा: नारिताला ७ तासांपेक्षा कमी आणि हानेदाला ५ तासांपेक्षा कमी वेळ असेल तर विमानतळावर बसून रामेनचा वाडगा रिकामा करा आणि निघा. तेही काही वाईट नाही.

आणि अडीच-तीन तास असतील तर शिबुयाचा चौक, शिंजुकूचे दिवे आणि टोकियो टॉवर अशी यादी करू नका. ती ठिकाणं एकमेकांपासून लांब आहेत आणि तुमचा अर्धा वेळ जिने चढण्यात जाईल. आसाकुसात सगळं चालत जाण्याच्या अंतरावर आहे.

नारिताहून 'ॲक्सेस एक्सप्रेस' ही गाडी थेट आसाकुसाला जाते, तिकीट १५०० येनच्या आत. 'स्कायलाइनर' तिच्यापेक्षा वेगवान आणि महाग, पण ती आसाकुसाला जात नाही, उएनोला सोडते. तिथून मेट्रोची गिंझा लाईन पकडली की पाच मिनिटांत आसाकुसा. हानेदाहून केइक्यूची गाडी पकडताना ती शहराकडे जाणारी आहे ना एवढं बघा, कारण त्याच स्टेशनवरून योकोहामाच्या दिशेलाही गाड्या सुटतात. आणि नकाशात 'आसाकुसा' नावाचं एक स्टेशन त्सुकुबा एक्सप्रेस नावाच्या मार्गावरही दिसेल. ते वेगळं आहे, देवळाच्या पश्चिमेला. गोंधळू नका.

हातातली बॅग विमानतळावरच्या लॉकरमध्ये टाका. आसाकुसाच्या स्टेशनवरही लॉकर आहेत, पण दुपारपर्यंत ते भरलेले असतात.

जाता जाता एक गोष्ट. गिंझा लाईनचा उएनो ते आसाकुसा हा २.२ किलोमीटरचा तुकडा म्हणजे जपानची पहिली भुयारी रेल्वे. ३० डिसेंबर १९२७ ला ती सुरू झाली. ती शहरातल्या कचेऱ्यांकडे जाण्यासाठी नव्हती, लोकांना आसाकुसाला मजा करायला नेण्यासाठी होती. त्यावरून त्या काळी या भागाचं वजन काय होतं ते कळतं. त्या स्टेशनला लागून १९५५ सालचा एक भुयारी बाजार आहे. बुटकं छत, उघडे पाईप, तळलेल्या नूडल्सचा वास. चकचकीत टोकियोत असं काहीतरी शिल्लक आहे यावर विश्वास बसत नाही.

दोन कोळी आणि एक मूर्ती

आसाकुसाचं देऊळ म्हणजे सेन्सोजी. गंमत अशी की 'आसाकुसा' आणि 'सेन्सो' ही लिहायला एकच अक्षरं आहेत. जपानी वाचनात एकाच अक्षराचे दोन उच्चार होतात, त्यामुळे गावाचं नाव एक आणि देवळाचं दुसरं वाटतं. 'जी' म्हणजे बौद्ध मंदिर.

दंतकथा सांगते की इ.स. ६२८ मध्ये हिनोकुमा आडनावाचे दोन कोळी भाऊ सुमिदा नदीत जाळं टाकत होते. जाळ्यात मासा आला नाही, एक छोटी मूर्ती आली. त्यांनी ती पाण्यात सोडली, ती पुन्हा जाळ्यात आली. गावच्या प्रमुखाने ओळखलं की ही कान्नोनची मूर्ती आहे आणि त्याने स्वतःच्या घराचंच देऊळ केलं. टोकियो शहराचं नावही नव्हतं तेव्हाची ही गोष्ट.

कान्नोन म्हणजे कोण? आपला अवलोकितेश्वर. अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यात हातात कमळ घेतलेलं जे चित्र आपण शाळेच्या पुस्तकात पाहिलेलं असतं, तोच. कान्हेरीत त्याची अकरा तोंडांची मूर्ती आहे. औरंगाबादच्या सातव्या लेण्यात आग, तलवार, जहाजाचं बुडणं अशा संकटांतून तो लोकांना वाचवतोय असं शिल्प आहे. भारतातून चीनमार्गे जपानला पोचेपर्यंत त्याचं रूप बरंचसं आईसारखं झालं, पण काम तेच राहिलं: हाक मारणाऱ्याला संकटातून सोडवणं.

सेन्सोजीतली मूळ मूर्ती मात्र कोणालाच दाखवत नाहीत. ती कायम पडद्याआड. दरवर्षी सुमारे ३ कोटी लोक येतात आणि न दिसणाऱ्या मूर्तीपुढे हात जोडून जातात.

जे जुनं दिसतं ते जुनं नाही

आता या भागातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. लाल खांब, वळणदार छपरं, पाच मजली पॅगोडा बघून प्रत्येकाला वाटतं, काय प्राचीन वास्तू आहे! फोटोखाली आपण '१४०० वर्षं जुनं मंदिर' असं लिहून मोकळे होतो. प्रत्यक्षात समोर दिसणारं मुख्य मंदिर १९५८ सालचं आहे आणि ते सिमेंट काँक्रीटचं आहे. त्याच्या छपरावरची कौलं २०१० च्या डागडुजीत बसवलेली, टायटेनियमची. बाजारानंतर लागणारा मोठा दरवाजा, होझोमोन, १९६४ चा. पॅगोडा १९७३ चा. बाजारातली दुकानं १९२५ ची.

असं का? कारण आसाकुसा विसाव्या शतकात दोनदा राख झालं.

१ सप्टेंबर १९२३ ला दुपारी बाराला दोन मिनिटं कमी असताना मोठा भूकंप झाला. जेवणाची वेळ, घराघरात चुली पेटलेल्या, घरं लाकडाची. भूकंपापेक्षा आगीने जास्त माणसं मारली. आसाकुसात १८९० सालचा र्‍योऊनकाकू नावाचा १२ मजली मनोरा होता, जपानमधली पहिली विजेवर चालणारी लिफ्ट त्यात बसवली होती. तो मधूनच तुटला आणि मग उरलेला भाग पाडून टाकावा लागला. बाजार कोसळला. पण १६४९ साली बांधलेलं मुख्य मंदिर वाचलं. आजूबाजूचं सगळं जळत असताना देवळाच्या आवारात आलेले लोकही वाचले. कान्नोनने वाचवलं, असं लोक म्हणू लागले.

ही श्रद्धा पुढे २२ वर्षांनी महागात पडली. १० मार्च १९४५ च्या रात्री अमेरिकेच्या बी-२९ विमानांनी टोकियोच्या या दाट वस्तीच्या पूर्व भागावर आगलावे बॉम्ब टाकले. एका रात्रीत सुमारे एक लाख माणसं गेली. लोक पुन्हा देवळाकडे धावले. या वेळी देऊळही जळालं.

देवळाच्या आवारात गिंको जातीचा एक मोठा वृक्ष आहे. त्याचं खोड एका बाजूने काळं, कोळसा झालेलं आहे. तो त्या रात्री जळाला आणि तरी पुन्हा फुटला. लोक त्याच्यासमोरून कंदिलाबरोबर सेल्फी काढायला घाईने जातात. तुम्ही तिथे एक मिनिट थांबा.

या सगळ्यातून खरोखर जुनं असं काय वाचलं? मुख्य मंदिराकडे तोंड करून उभे राहिलात तर उजव्या हाताला, पूर्वेकडे, नितेनमोन नावाचा लाकडी दरवाजा आहे, १६१८ सालचा. आणि तिथेच जवळ आसाकुसा जिंजा आहे, १६४९ सालचं. 'जिंजा' म्हणजे शिंतो धर्माचं देवस्थान. इथे पूजा होते ती देवाची नाही, त्या दोन कोळी भावांची आणि गावच्या प्रमुखाची! ज्यांना मूर्ती सापडली तेच पुढे देव झाले. बौद्ध देवळात हात जोडतात, टाळ्या वाजवत नाहीत. जिंजात मात्र दोनदा वाकायचं, दोन टाळ्या वाजवायच्या आणि पुन्हा एकदा वाकायचं. गर्दी ९० टक्के काँक्रीटच्या देवळापुढे असते आणि चारशे वर्षांचं लाकूड शेजारी निवांत उभं असतं.

तरीही काँक्रीटचं म्हणून मुख्य मंदिराला कमी लेखू नका. युद्धात हरलेल्या, खायला महाग झालेल्या देशात लोकांनी देणग्या गोळा करून १३ वर्षांत ते पुन्हा उभं केलं. या वेळी पुन्हा जळू नये म्हणून काँक्रीटमध्ये.

कामिनारिमोन आणि नाकामिसे

स्टेशनातून बाहेर पडून पाचच मिनिटांत तुम्ही कामिनारिमोनसमोर येता. जगभरच्या फोटोंतला मोठा लाल कंदील तो हाच. ३.९ मीटर उंच, ३.३ मीटर रुंद आणि जवळपास ७०० किलो वजनाचा. उजवीकडे वाऱ्याचा देव फूजिन, डावीकडे मेघगर्जनेचा देव राइजिन. हा दरवाजा १८६५ च्या आगीत जळाला आणि पुढची ९५ वर्षं तो नव्हताच! १९६० साली तो पुन्हा बांधला गेला. पैसे दिले मात्सुशिता कोनोसुके यांनी. हे कोण? ज्या कंपनीला आज आपण पॅनासॉनिक म्हणून ओळखतो तिचे संस्थापक. आजारपणातून बरे झाल्याबद्दल त्यांनी हा नवस फेडला असं सांगतात. कंदिलाच्या खाली जाऊन वर मान करा, तळाशी ड्रॅगनचं सुंदर कोरीव काम आहे.

दरवाज्यासमोरच रस्त्यापलीकडे लाकडी पट्ट्यांची एक आठ मजली इमारत दिसेल. ते पर्यटन माहिती केंद्र, केंगो कुमा या वास्तुविशारदाने रचलेलं, २०१२ सालचं. वरच्या मजल्यावरच्या गच्चीवर फुकट जाता येतं. तिथून दरवाजा, सरळ रेषेतला बाजार, त्यामागे देऊळ आणि नदीपलीकडे ६३४ मीटर उंच स्कायट्री असं सगळं एका नजरेत येतं. आधी इथे जा. पुढचा रस्ता डोक्यात बसतो आणि स्वच्छतागृहही मिळतं.

दरवाज्यातून आत गेलं की नाकामिसे, म्हणजे देवळाच्या वाटेवरची दुकानं. साधारण २५० मीटर लांब, दोन्ही बाजूंना मिळून ९० च्या आसपास गाळे. पंढरपूर किंवा जेजुरीला देवळाच्या वाटेवर जसा बाजार असतो, तसाच. पंखे, छत्र्या, किमोनो, खेळणी आणि खाणं. इथे चालता चालता खाल्लेलं चालत नाही. ज्या दुकानातून घेतलं तिथेच उभं राहून संपवायचं आणि कागद त्यांच्याकडेच परत द्यायचा. रस्त्यावर कचऱ्याचे डबे जवळपास नसतातच.

शाकाहारी मंडळींनी इथे डोळे उघडे ठेवावेत. जपानी रस्सा म्हणजे 'दाशी', आणि तो बहुधा सुक्या माशांपासून केलेला असतो. भाजीची भजी शाकाहारी दिसतात, पण सोबतच्या सॉसमध्ये मासा असतो. बाहुलीच्या आकाराच्या गोड 'निंग्योयाकी'च्या पिठात अंडं असतं. मग काय खावं? 'कामिनारी ओकोशी' म्हणजे फुलवलेला तांदूळ पाकात घोळून केलेल्या वड्या, आपल्या चुरमुऱ्याच्या लाडवाची चुलत बहीण. आणि 'इमो योकान', म्हणजे रताळं, साखर आणि किंचित मीठ यांची वडी. आषाढी एकादशीला टोकियोत अडकलात तरी सोय झाली म्हणायची.

मंदिराच्या पायऱ्यांच्या आधी मोठं धूपपात्र आहे. लोक त्याचा धूर हाताने अंगावर ओढून घेतात, जिथे दुखतं तिथे. आपण आरतीवर हात फिरवून तोंडावरून घेतो ना, तीच कृती.

बाजूला 'ओमिकुजी' म्हणजे भविष्याची चिठ्ठी. १०० येन टाकायचे, धातूचा डबा हलवायचा, भोकातून एक काडी बाहेर येते. तिच्यावरच्या आकड्याचा खण उघडून कागद घ्यायचा. सावध राहा! इथल्या १०० चिठ्ठ्यांपैकी ३० वाईट भविष्याच्या असतात. बऱ्याच देवळांनी लोकांना खूश ठेवण्यासाठी वाईट चिठ्ठ्या कमी केल्या, सेन्सोजीने जुनं प्रमाण सोडलं नाही. वाईट निघाली तर तिथल्या दांडीला बांधून टाका, दुर्दैव तिथेच राहतं.

मुळा घेणारा गणपती

आता जी गोष्ट मराठी माणसाने चुकवू नये, ती. सेन्सोजीपासून दहा मिनिटं उत्तर-पूर्वेकडे, नदीच्या कडेने चालत गेलं की एक छोटी टेकडी लागते. तिच्यावर मात्सुचियामा शोदेन नावाचं मंदिर आहे, सेन्सोजीच्याच शाखेचं. इथला मुख्य देव कांगितेन. हत्तीचं डोकं असलेला, विघ्न दूर करणारा. ओळखलंत? आपले बाप्पाच. बौद्ध धर्माबरोबर ते जपानला गेले.

मूर्ती इथेही झाकलेली असते, त्यामुळे सोंड बघायला मिळेल अशा आशेने जाऊ नका. पण सगळीकडे दोन चिन्हं कोरलेली दिसतील: एकमेकांत गुंतलेले दोन मुळे आणि पैशाची थैली. मुळा निरोगी शरीराचा आणि घरातल्या सलोख्याचा, थैली धंद्यातल्या बरकतीची. भक्त देवाला चक्क अख्खा पांढरा मुळा वाहतात, देवळातच तो विकत मिळतो. ७ जानेवारीला तर मुळ्याचा उत्सवच असतो. तुम्हाला वाटेल, मोदक सोडून मुळा कुठून आला? आपल्या जुन्या मूर्तिशास्त्रात गणपतीच्या हातात मुळा असल्याचे उल्लेख आहेत. आपण विसरलो, त्यांनी जपून ठेवला. मोदकाचंही एक जपानी रूप क्योटोत मिळतं, 'कांकिदान' नावाचं, आठ पाकळ्यांच्या पुरचुंडीसारखं तळलेलं.

टेकडी चढणं जमत नसेल तर तिथे छोटी पाळण्यासारखी गाडी आहे. गर्दी नसते. देवळासमोर बसलेल्या दोन-चार आजीबाई आणि मुळ्यांचा ढीग.

तिथून परतताना कोतोतोई पुलाजवळ सुमिदा पार्कमध्ये एक स्मारक आहे. १० मार्चच्या रात्री आगीतून पळणारे लोक दोन्ही काठांवरून याच पुलावर आले, समोरासमोर अडकले आणि तिथेच गेले. पूल पुढे दुरुस्त केला तेव्हा त्याच्या जुन्या कडेचे दगड काढून इथे आणून ठेवले. फलकावरचं जपानी वाचता येणार नाही. दगड बघितले तरी पुरे.

वेळ उरलाच तर

पश्चिमेला दहा मिनिटांवर काप्पाबाशी, हॉटेलवाल्यांचा भांडीबाजार. जपानी हॉटेलांच्या काचेत ठेवलेले मेणासारखे दिसणारे खोटे पदार्थ इथे विकत मिळतात, खोट्या कोळंबीची किचेनही. पण इथल्या प्रसिद्ध सुऱ्यांच्या मोहात पडू नका. तुमचं मोठं सामान विमान कंपनीकडे आहे, हातात फक्त केबिन बॅग. सुरी सुरक्षा तपासणीत काढून घेतील आणि हजारो येन पाण्यात. रविवारी यातली बरीच दुकानं बंद असतात.

जिनरिकिशात बसायचं असेल तर आधी भाव विचारा. थोड्या वेळासाठीही काही हजार येन मोजावे लागतात. ओढणारी पोरं मात्र बोलकी असतात.

मे महिन्याच्या तिसऱ्या शनिवार-रविवारी सांजा मात्सुरी असतो. त्या तीन देव झालेल्या माणसांच्या पालख्या खांद्यावर नाचवत नेतात, वस्त्यावस्त्यांच्या मिळून शंभरेक पालख्या. त्या वेळी कामिनारिमोनचा कंदील घडी घालून वर उचलतात. बघायला भन्नाट, पण विमान पकडायचं असेल तर गर्दीत अडकायची भीती. जुलैच्या शेवटच्या शनिवारी सुमिदावर आतषबाजी असते, त्या संध्याकाळी तर इकडे फिरकूच नका.

आणि विमान संध्याकाळी उतरत असेल तर? मुख्य मंदिर ५ वाजता बंद होतं, दुकानंही हळूहळू आवरतात. तरी जा. आवार रात्रभर उघडं असतं, देवळावर आणि पॅगोडावर उशिरापर्यंत दिवे असतात आणि दुकानांच्या खाली ओढलेल्या शटरवर जुन्या आसाकुसाची चित्रं रंगवलेली दिसतात. दिवसा ती कोणालाच दिसत नाहीत.

घड्याळ जपानच्या वेळेवर लावलंय ना ते बघा, ते आपल्यापेक्षा साडेतीन तास पुढे असतं. आणि परतताना आसाकुसा लाईनच्या फलाटावर दोन क्षण थांबून फलक वाचा. इथून एका दिशेची गाडी हानेदाला जाते आणि दुसऱ्या दिशेची नारिताला.